मामाची मुलगी : एका सोयरिकीचा इतिहास आणि तिचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी गारखेडा परिसरातल्या एका मंगल कार्यालयात आमच्या नात्यातले लग्न होते. रात्री वरात घरी आली. उंबरठ्यावर माप ठेवलेले, आत ओवाळणीचे ताट तयार, आणि नवरदेवाची बहीण दोन्ही हात पसरून दारात उभी. दार अडवण्याचा हा कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ‘वहिनी, तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील ना? तरच दार सोडते.’ नवी नवरी लाजत ‘देते’ म्हणाली, सगळे हसले, दार मोकळे झाले.

त्या हसणाऱ्यांत एक म्हातारी नव्हती. त्या माझ्या वडिलांच्या चुलत बहीण, म्हणून माझ्या आत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे स्वतःचे लग्न असेच ठरलेले होते. त्यांच्या सासूबाई म्हणजे त्यांची सख्खी आत्या. त्यांना पाच अपत्ये झाली. एक बाळ पहिल्या वर्षातच गेले आणि दोन मुलगे जन्मापासून ऐकू-बोलू शकले नाहीत. त्या काळात काय काय झाले ते आत्या फारसे सांगत नाहीत. कुलदैवताच्या वाऱ्या झाल्या, उतारे झाले, आणि सासरच्यांनी ठरवून टाकले, की हिच्या कुशीतच दोष आहे. ज्या घराने ‘आपलीच पोर’ म्हणून हौसेने सून केली, त्याच घरात त्या पन्नास वर्षे हा आरोप घेऊन वावरल्या.

त्या रात्री आत्यांची नात माझ्याजवळ येऊन बसली. तिच्यासाठी तिच्या आत्याच्या मुलाचे स्थळ घरात चालू होते. मुलगा चांगला, दोघांची पसंतीही होती. तिने विचारले, ‘काका, तुम्ही जुनी कागदपत्रे वाचता. हे असे लग्न करावे की नाही, यावर आपल्याकडे कोणी काही लिहून ठेवले आहे का?’ प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला अडीच हजार वर्षे मागे जावे लागले. हा लेख म्हणजे तिला द्यायचे उत्तर आहे.

नर्मदेच्या खालचा आचार

बौधायन धर्मसूत्रात सुरुवातीलाच एक गमतीची यादी आहे. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांत पाच-पाच बाबतींत मतभेद आहेत, असे सांगून सूत्रकार ते मोजतो. उत्तरेकडचे लोक लोकरीचा व्यापार करतात, मद्य पितात, शस्त्रे बाळगून उपजीविका करतात, समुद्रावर जातात. दक्षिणेकडचे लोक बायकोबरोबर जेवतात, शिळे अन्न खातात, आणि मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करतात. ज्याच्या त्याच्या प्रदेशात तो तो आचार चालेल, दुसऱ्या प्रदेशात तो केल्यास दोष लागेल, असा हा व्यवहारी तोडगा. तिथेच गौतमाचे विरोधी मतही नोंदवलेले आहे. म्हणजे हा वाद धर्मसूत्रांइतका जुना आहे. पुढे सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात मामाची मुलगी मिळाली की खूश होणाऱ्या दाक्षिणात्यांची चेष्टा केली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या 1941 साली निघालेल्या दुसऱ्या खंडात या वादाची सगळी वळणे तपशिलाने मांडली आहेत. ती वाचताना जाणवते, की पंडित निर्णय देत राहिले आणि लोक आपल्या घरच्या रीतीप्रमाणे लग्ने करत राहिले.

या वादातला सर्वांत विचार करण्याजोगा माणूस आपल्या शेजारचा आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाचा पंडित. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. अकराव्या शतकाची अखेर आणि बाराव्याची सुरुवात हा त्याचा काळ. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याने लिहिलेली ‘मिताक्षरा’ ही टीका पुढे देशाच्या मोठ्या भागात वारसाहक्काचा कायदा बनली.

सपिंड कोण, या प्रश्नावर विज्ञानेश्वराने दिलेले उत्तर आजही थांबून वाचावे असे आहे. इतर काही पंडितांच्या मते पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा. तो ज्यांना मिळून द्यायचा ते सपिंड. विज्ञानेश्वर म्हणतो, पिंड म्हणजे शरीर. मुलात बापाच्या शरीराचे अंश येतात, बापामार्फत आजोबाचे येतात. तसेच आईच्या शरीराचे येतात, आईमार्फत तिच्या वडिलांचे, आणि म्हणून मामा आणि मावशीही सपिंड. मग तो स्वतःच शंका काढतो, की असे मोजत गेले तर या अनादी संसारात सगळेच सगळ्यांचे नातेवाईक ठरतील. म्हणून कुठेतरी रेघ ओढायला हवी. आईच्या बाजूने पाच पिढ्या आणि बापाच्या बाजूने सात पिढ्या, ही ती रेघ.

यात आधुनिक जनुकशास्त्र सापडले म्हणून टाळ्या पिटण्याचे कारण नाही. विज्ञानेश्वराला पेशी ठाऊक नव्हती, की तिच्यातली गुणसूत्रे. पण नाते दोन्ही बाजूंनी मोजायचे आणि अंतराप्रमाणे ते विरळ होत जाते, हे दोन मुद्दे त्याने स्पष्ट मांडले. दोन्ही मुद्दे बरोबर होते.

आणि रेघ ओढली तरी ती पाळली कोणी? वेरूळला दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे. ज्या राष्ट्रकूट घराण्याने तिथे कैलास उभा केला, त्याच घराण्यात पुढे दुसऱ्या कृष्णाची राणी चेदीच्या कोकल्ल राजाची मुलगी होती. तिचा मुलगा जगत्तुंग याचे लग्न मामाची मुलगी लक्ष्मी हिच्याशी झाले. त्या दोघांचा मुलगा म्हणजे कनौजवर स्वारी करणारा तिसरा इंद्र. पुराणकथाही याच वाटेच्या आहेत. अर्जुनाची सुभद्रा ही मामाची मुलगी. आपल्याकडे लोककथेत आणि नाटकांत गाजलेले वत्सलाहरण हेही अभिमन्यूने मामाची मुलगी पळवण्याचेच आख्यान.

पाटलाच्या वाड्यापासून बादशहाच्या महालापर्यंत

वेरूळहून निघालेले दुसरे घराणे भोसल्यांचे. मालोजीराजे वेरूळचे पाटील. त्यांची पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांची. त्यांचे नातू शिवाजी महाराज. महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाईही निंबाळकरांच्याच. सईबाईंची मुलगी सखुबाई दिली ती सईबाईंचे भाऊ बजाजी निंबाळकर यांच्या मुलाला, महादजींना. म्हणजे मामाच्या मुलाला. तिकडे राजाराम महाराजांच्या मातोश्री सोयराबाई मोहित्यांच्या. त्यांचे भाऊ सरसेनापती हंबीरराव. हंबीररावांची मुलगी ताराबाई ही राजाराम महाराजांची पत्नी. औरंगजेबाशी झुंजत राहिलेली ही राणी आपल्या नवऱ्याची मामेबहीण होती.

या सोयरिकींत भावनेपेक्षा राजकारण अधिक होते. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये आज निजामशाहीत असलेला सरदार उद्या आदिलशाहीत किंवा मोगलाईत असे. अशा काळात विश्वास ठेवायचा कोणावर? ज्याच्या घरात आपली बहीण नांदते त्याच्यावर. घोडदळ, वतन आणि निष्ठा या तिन्ही गोष्टी लग्नाने बांधल्या जात. फौजेचा प्रमुख मामा असणे आणि तोच सासरा असणे, यात दुहेरी गाठ होती.

दुसऱ्या बाजूलाही हेच चालले होते, फक्त नात्याची दिशा वेगळी. आपल्या शहरात बीबी का मकबरा आहे. तिथे चिरनिद्रा घेणारी दिलरास बानू ही औरंगजेबाची बेगम. तिचा मुलगा आझमशहा याचे लग्न 1669 साली दारा शुकोहच्या मुलीशी, जहाँजेब बानूशी झाले. ज्या भावाला ठार केले त्याची मुलगी सून म्हणून घरात आणली. चुलत भावंडांचे हे लग्न हिंदू रीतीत कुठेच बसले नसते, पण मुस्लिम कायद्यात चुलत, मावस, आते, मामे ही चारही नाती लग्नाला चालतात. उलट मामा-भाचीचे लग्न तिथे निषिद्ध. तेच लग्न कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूतल्या अनेक हिंदू जातींत मानाचे समजले गेले, आणि सीमेलगतच्या आपल्या काही भागांतही ते आढळते. एका समाजाचा पाप-पुण्याचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशावर ठेवला तर रेषा जुळत नाहीत, ही गोष्ट मराठवाड्यासारख्या प्रदेशात लगेच दिसते. ‘नात्यात लग्ने फक्त ते लोक करतात’ असे म्हणणाऱ्याने आपल्या आजीचे माहेर तपासावे.

इरावतीबाईंचा नकाशा

या विषयाचा शास्त्रीय नकाशा काढला तो इरावती कर्वे यांनी. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. उत्तरेत नात्यात लग्न म्हणजे बहिणीशी लग्न केल्यासारखे. दक्षिणेत मात्र नात्याबाहेर जाणे हीच शेवटची निवड. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे आहे आणि दोन्ही रीती इथे मिसळलेल्या दिसतात, हे त्यांचे निरीक्षण. मराठा-कुणबी आणि इतर अनेक जातींत मामाची मुलगी चालते, किंबहुना तिच्यावर भाच्याचा हक्क समजतात. आत्याची मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी टाळतात. ज्या घरात मुलगी दिली त्या घरातून मुलगी आणायची नाही. दार अडवणारी करवली भावजयीकडे मुलगी मागते ती याच नियमाने.

या प्रथेला आर्थिक पायाही होता. कोरडवाहू प्रदेशात जमीन आणि बैल हेच भांडवल. नात्यात देणे-घेणे कमी लागे, मुलीची पारख करावी लागत नसे. आणि मुलीच्या बाजूनेही एक मोठी सोय होती. बारा-तेरा वर्षांची पोर परक्या घरी जाण्याऐवजी आत्याच्या घरी जाई. सासू ओळखीची, घर ओळखीचे, भाषा ओळखीची. पूर्वीच्या बायकांनी ही प्रथा टिकवली यात त्यांचा अडाणीपणा नव्हता. त्यांनी मुलीच्या सुखाचा विचार केला होता. आमच्या आत्यांच्या बाबतीत तो विचार कसा उलटला, ते वर सांगितलेच.

इथे गोत्राबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आपल्या पूर्वजांनी सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला तो जनुकांचा विचार करूनच’ असे हल्ली समाजमाध्यमांवर सर्रास फिरते. गोत्र चालते फक्त बापाकडून मुलाकडे. त्यामुळे वीस पिढ्यांपूर्वी वेगळे झालेले, एकमेकांशी जवळपास काहीच समान नसलेले दोघे सगोत्र म्हणून बाद होतात, आणि सख्ख्या मामाची मुलगी गोत्र वेगळे म्हणून बिनबोभाट चालते. देवकाचेही तसेच. नैसर्गिक वारसा दोन्हीकडून येतो, गोत्र एकाच बाजूने मोजते. विज्ञानेश्वराने सपिंडाची व्याख्या करताना ही चूक केली नव्हती.

हिशेब

आता नातीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. धोका नेमका किती?

1902 साली लंडनचे डॉक्टर आर्किबाल्ड गॅरड यांनी एका दुर्मीळ विकाराविषयी लिहिले. या विकारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. अशा रुग्णांचे आई-वडील एकमेकांची सख्खी आते-मामे किंवा चुलत-मावस भावंडे असण्याचे प्रमाण फार आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा प्रकाशात आले होते. त्यांच्या आधारे कारण उलगडले.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. अनेक विकारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. अशा माणसाला वाहक म्हणतात. तो ठणठणीत असतो. तुम्ही-आम्ही सगळेच कोणत्या ना कोणत्या अशा बिघाडाचे वाहक आहोत. दोन वाहकांचे लग्न झाले आणि दोघांची बिघडलेली प्रत बाळात एकत्र आली तरच विकार होतो. प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक.

समजा एखादा बिघाड समाजात शंभरात एकाकडे आहे. परक्या घरच्या दोघांचे लग्न झाले तर दोघेही वाहक असण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि बाळाला विकार होण्याची चाळीस हजारांत एक. आता मुलगा वाहक आहे आणि मुलगी त्याच्या सख्ख्या मामाची आहे असे धरा. तोच बिघाड त्याच आजी-आजोबांकडून तिच्याकडेही आलेला असण्याची शक्यता आठात एक आहे. म्हणजे बाळाला धोका सुमारे 3,200 मध्ये एक. बारा पटींहून जास्त. मामा-भाचीच्या लग्नात आठाच्या जागी चार येतात आणि धोका आणखी दुप्पट होतो. विकार जितका दुर्मीळ, तितका नात्यातल्या लग्नाचा वाटा मोठा. थॅलेसेमियासारखा बिघाड एखाद्या समाजात आधीच बराच पसरलेला असेल, तर नात्याबाहेर लग्न करूनही तो पुरता टळत नाही.

हे झाले एका विकाराचे. सगळे गंभीर जन्मजात दोष एकत्र धरले तर कोणत्याही जोडप्याला शंभर बाळांमागे सुमारे तीन बाळांत तसा धोका असतोच. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जोडप्यात त्यात साधारण दोन-तीनची भर पडते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांच्या पाहणीत, 2013 साली, हाच आकडा दिसला. पाकिस्तानी वंशाच्या नात्यातल्या जोडप्यांत धोका तीन टक्क्यांवरून सहावर गेला. त्याच पाहणीत चौतिशीनंतर आई होणाऱ्या गोऱ्या स्त्रियांतही धोका जवळपास दुपटीने वाढलेला दिसला. त्यांना कोणी नावे ठेवत नाही, हे लक्षात घ्यावे. दुप्पट हा शब्द भीतिदायक आहे, पण शंभरातली चौऱ्याण्णव बाळे अशा दोषांशिवाय जन्मतात, हेही तितकेच खरे.

हा सरासरीचा आकडा मात्र आत्यांच्या नातीला लागू नव्हता. तिच्या घरात विकार आधीच दिसलेला होता.

मुंबईतला रक्तगट आणि हाल्डेन यांचा अंदाज

या शास्त्राचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रात विणला गेला. 1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. वरवर तो ‘ओ’ गटासारखा दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या माणसांना चालत नसे. ‘एच’ नावाचा जो पाया जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तपेशीवर असतो, तोच त्यांच्यात नव्हता. जगात हा गट ‘बाँबे’ नावानेच ओळखला जातो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाच्या आसपास तो आढळतो, युरोपात तो अतिशय विरळ आहे. दोन्ही बाजूंनी एकच दुर्मीळ प्रत आली तरच हा गट तयार होतो. त्यामुळे अशा व्यक्तींचे आई-वडील नात्यातले असल्याचे वारंवार दिसते. या माणसाला एरवी काही त्रास नसतो. अपघातात किंवा बाळंतपणात रक्त लागले की मात्र त्याच गटाच्या दात्याची शोधाशोध राज्यभर होते.

त्याच दशकात ल. द. संघवी यांनी मुंबईतल्या बारा अंतर्विवाही समूहांत नात्यातली लग्ने किती होतात याची पाहणी केली. ती 1956 साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, 1957 मध्ये, ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन भारतात राहायला आले. त्यांचा अंदाज असा, की दक्षिणेत शेकडो पिढ्या नात्यात लग्ने होत आली आहेत. तेव्हा घातक बिघाड असलेली बाळे जन्मून मरत गेली असतील आणि त्या मार्गाने ते बिघाड कमी झाले असतील. संघवींनी 1966 साली आंध्रच्या ग्रामीण भागातील आकडे घेऊन हाच विचार पुढे नेला. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले, की परिणाम काही ठिकाणी अपेक्षेपेक्षा कमी असेल, पण तो संपलेला नाही.

आणि एक गोष्ट आपल्याला अधिक अडचणीची आहे. 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि परदेशातील संशोधकांनी दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले अनेक समूह फार थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढलेले आणि नंतर शेकडो वर्षे आपल्यातच लग्ने करत राहिलेले आढळले. अशा समूहात दोन कुटुंबांना आपले नाते ठाऊक नसले तरी ते असते. म्हणजे ‘आम्ही नात्यात करत नाही, फक्त जातीत करतो’ हे म्हणणे पूर्ण सुरक्षित नाही. पोटजात जितकी लहान, तितकी ही चिंता मोठी.

कायदा काय म्हणतो

1946 च्या कायद्याने सगोत्र विवाहावरचे बंधन उठले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने विज्ञानेश्वराची पाच-सातची रेघ आखडून आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांवर आणली. मामा-भाची आणि सर्व प्रकारची सख्खी आते-मामे-चुलत-मावस भावंडे ही निषिद्ध नात्यांत घातली. पण त्याच कलमांत एक वाक्य जोडले, की दोन्ही पक्षांच्या रूढीत असा विवाह चालत असेल तर तो वैध. म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न हा नियमाने निषिद्ध आणि रूढीने मान्य, असा बौधायनाचाच तोडगा आपल्या संसदेने पुन्हा केला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 पासून याविषयी विचारले जाते. देशात ढोबळमानाने दहात एक लग्न नात्यात होते. दक्षिणेत हे प्रमाण बरेच जास्त, उत्तरेतल्या हिंदूंत अगदी कमी, आणि महाराष्ट्र इरावतीबाईंनी दाखवला तिथेच, मधे.

मग हा प्रश्न आताच का पुढे आला? पूर्वी घरात आठ मुले व्हायची आणि तीन-चार जायची. देवी, गोवर, हगवण, धनुर्वात यांच्या गर्दीत एखादे बाळ जनुकीय दोषाने गेले तर ते वेगळे दिसत नसे. लसी आल्या, 1975 मध्ये देवीचा शेवटचा रुग्ण झाला, अपत्ये दोनवर आली. गर्दी ओसरल्यावर मागे उरलेले दिसू लागले.

नातीला दिलेले उत्तर

मी तिला आधी हे सांगितले, की रक्तगट तपासून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला की मुले अपंग होतात, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि ती चूक आहे. पत्रिकेतल्या एकनाडीला रक्तगटाचा आधार जोडण्याची नवी पद्धतही तशीच निराधार आहे.

मग आम्ही कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढली. कोण कोणाचे, कोणाची किती मुले, किती गेली, कोणाला काय आजार. जनुकीय समुपदेशकही पहिल्या भेटीत हेच करतो. दोन मुके-बहिरे काका. त्यांचे आई-वडील भावंडे. हे बहिरेपण दोन्ही बाजूंनी आलेल्या बिघाडाचे असेल, तर आत्या आणि त्यांचे यजमान दोघेही वाहक. त्यांच्या ऐकू येणाऱ्या प्रत्येक मुलाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणजे नातीचे वडील तीनात दोन, नात तीनात एक. तिची आत्या तीनात दोन, तिचा मुलगा तीनात एक. दोघेही वाहक असण्याची शक्यता नवात एक, आणि बाळ बहिरे असण्याची छत्तीसात एक. फक्त या एका कारणाने.

हा छत्तीसचा आकडा नशीब नव्हे, कारण तो अज्ञानाचा आकडा आहे. आधी हयात असलेल्या एका काकांची तपासणी करायची. त्यांच्यात नेमका कोणता बिघाड आहे हे कळले, की तो या दोघांत आहे का एवढेच पाहायचे. दोघांपैकी एकात जरी नसेल तरी छत्तीसचा आकडा पुसला जातो. दोघांत असेल तर चारात एक, हे लग्नाआधी, निदान मूल होऊ देण्याआधी कळते. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी तर एक साधी रक्ततपासणी पुरते आणि ती कोणत्याही जोडप्याने, नात्यातल्या किंवा बाहेरच्या, करून घ्यावी. गर्भातल्या जनुकीय विकाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. त्या कायद्याने बंदी आहे ती लिंगनिदानावर, आणि असा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 साली, महाराष्ट्राने केला. ज्यांची लग्ने आधीच नात्यात झाली आहेत त्यांनी घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. वंशावळ घेऊन समुपदेशकाकडे जावे, आणि बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यातच त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

दोघे मुंबईला गेले, काकांनाही घेऊन गेले. काय निष्पन्न झाले आणि त्यांनी काय ठरवले ते त्यांचे आहे, ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पण एक प्रसंग लिहिण्याची परवानगी मी आत्यांकडून घेतली आहे. अहवाल आल्यावर नातीने तो आजीला समजावून सांगितला. एक प्रत आजीकडून, एक आजोबांकडून, दोन्ही मिळाल्या तेव्हाच काका बहिरे झाले. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. आत्यांनी दोनदा विचारले, ‘निम्मं त्यांच्याकडून?’ नात म्हणाली, ‘हो आजी, बरोबर निम्मं.’ आत्या उठल्या, देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बौधायनापासून संसदेपर्यंत सगळ्यांनी या लग्नाला परवानगी द्यायची की नाही यावर वाद घातला. त्याचा भार कोणी उचलला, हे कोणी विचारले नाही. पुढच्या लग्नात करवली पुन्हा दार अडवेल, आणि तिने अडवावे, तो आनंदाचा सोहळा आहे. नवरीनेही हसून ‘देते’ म्हणावे. फक्त ती मुलगी मोठी होऊन खरोखरच स्थळ आले, तर पत्रिकेआधी वंशावळ मांडावी, आणि ती मांडताना दोन्ही बाजूंची नावे सारख्याच शाईने लिहावीत.